पंजाबरावांसाठी एक रताळं

रताळं शिजवायला अक्कल लागत नाही, असं देवमन गावंडे यांचं ठाम मत होतं. हे मत त्यांनी अकोल्यातल्या चिंतामणी अपार्टमेंटच्या चौथ्या मजल्यावर, स्वतःच्या स्वयंपाकघरात उभं राहून, बायकोच्या देखत बोलून दाखवलं. जमुनाबाईंनी हातातलं फडकं ओट्यावर ठेवलं आणि बाजूला होऊन नवऱ्याला जागा करून दिली. पुढच्या सगळ्या घोटाळ्याला सुरुवात तिथून झाली, असं इमारतीतले लोक सांगतात. पण इमारतीतले लोक पुष्कळ काही सांगतात. खरी सुरुवात लिफ्टपासून झाली होती.

लिफ्टचं असं होतं, की दिवेलागणीला ती आपोआप चौथ्या मजल्यावर यायची. दार उघडायचं. आत कोणी नसायचं. एखाद्या थकलेल्या माणसाला सावकाश बाहेर पडायला जेवढा वेळ लागेल, तेवढा वेळ दार उघडं राहायचं आणि मग मिटायचं. सोसायटीचे सचिव चंद्रभान इंगोले यांनी हा सेन्सरचा दोष ठरवला आणि कंपनीकडे तक्रार नोंदवली. कंपनीचा माणूस आला, त्याने दिवसभर लिफ्ट वरखाली केली, दोष आढळला नाही असं लिहून दिलं आणि अंधार पडायच्या आत, जिन्याने, निघून गेला. तो जिन्याने का गेला हे सोसायटीच्या बैठकीत कोणी विचारलं नाही.

देवमनरावांच्या आई पार्बताबाई लिफ्टसमोरच्याच घरात, दारासमोरच्या दिवाणावर बसलेल्या असत. दिवाळीनंतर त्या हिवरखेडहून लेकाकडे आल्या होत्या. लिफ्टचं दार उघडलं की त्या डोक्यावरचा पदर सारखा करायच्या आणि दिवाणावर थोडं सरकून बसायच्या. म्हातारपणी माणूस असं काहीबाही करतं, म्हणून कोणी लक्ष दिलं नाही. मग माघ लागला आणि पार्बताबाईंनी जेवण सोडलं.

डॉक्टर झाले, रक्ताच्या तपासण्या झाल्या. सगळं उत्तम निघालं. असं उत्तम रक्त असलेली म्हातारी दिवसेंदिवस वाळत चालली, तिच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत घसरायला लागल्या. शेवटी एका संध्याकाळी देवमनराव तिच्यासमोर खुर्ची ओढून बसले आणि तुला काय पाहिजे ते एकदाचं सांग म्हणाले. आईने लिफ्टकडे पाहिलं आणि अगदी साध्या आवाजात सांगितलं.

“तुहे बाबा रोज येऊन राहिले. रताळं मांगतात अन् उपाशी जातात. ते उपाशी जातात तं मी कशी जेवू?”

देवमनरावांचे वडील पंजाबराव, देवमन शाळेत असतानाच गेले होते. जमुनाबाईंनी तर त्यांना फक्त फोटोत पाहिलेलं. देवमनरावांच्या अंगावर काटा आला, पण ते महाविद्यालयात मुख्य लिपिक होते, आणि काट्याने कामकाज थांबत नाही हे त्यांना माहीत होतं. त्यांनी प्रकरणाचा सरळ विचार केला. मागणी स्पष्ट होती. मागणारा घरचाच होता. मागितलेली वस्तू बाजारात मिळत होती. मग अडचण कुठे होती? आई ज्या दिवशी जेवेल त्या दिवशी हे प्रकरण निकाली निघेल, आणि तोवर मागणी पुरवत राहायची, असं त्यांनी ठरवलं. त्यावरच ते अकलेबद्दलचं वाक्य बोलून गेले.

पहिल्या दिवशी त्यांनी रताळी कुकरला लावली. शिट्ट्या नेमक्या किती घ्यायच्या यावर बायकोला विचारणं त्यांच्या मानात बसलं नाही, त्यामुळे रताळ्यांचा लगदा झाला. त्या लगद्यात गरम दूध, गूळ आणि वेलदोड्याची पूड घालून त्यांनी हीच खीर करायची होती असं जाहीर केलं. खरं सांगायचं तर खीर फक्कड झाली होती. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात पाट मांडला, पाटासमोर वाटी ठेवली. लिफ्ट आली, दार उघडलं, मिटलं. पार्बताबाई भिंतीला धरून आत आल्या, वाटीवर वाकून त्यांनी वास घेतला आणि मान हलवली.

“याले धूर नाई लागला. हे त्यायच्या घशाखाली नाई उतरत.”

सकाळी खीर तशीच होती. पाट मात्र उलट दिशेला तोंड करून, दाराकडे वळलेला होता. देवमनरावांनी उंदीर असं निदान केलं. पाट फिरवणारा उंदीर केवढा असेल, असं जमुनाबाईंनी विचारलं, तेव्हा ते पेपर वाचत होते.

मग त्यांनी चकत्या करून तव्यावर साजूक तुपात परतल्या, वरून मीठ आणि जिरेपूड भुरभुरली. दुसऱ्या दिवशी कीस केला, शेंगदाण्याचं कूट आणि हिरवी मिरची घालून. अमरावतीला शिकायला असलेली त्यांची मुलगी आकांक्षा हिने फोनवरून मायक्रोवेव्हची युक्ती सांगितली, त्यात एक रताळं मोठा आवाज करून फुटलं आणि मायक्रोवेव्हचा दिवा गेला. पाकातली झाली, ताकातली झाली. घरात एवढं रताळं झालं की जमुनाबाई शेजारी डबे पाठवायला लागल्या. रोज पाट मांडायचा, रोज लिफ्ट यायची, रोज पार्बताबाई वास घेऊन मान हलवायच्या आणि अर्धा कप चहावर झोपायच्या. सकाळी पाट दाराकडे वळलेला. पिंजरा लावला, त्यात उंदीर आला नाही. आणि हळूहळू संध्याकाळी त्या स्वयंपाकघरात, जिथे गॅसखेरीज कधी काही पेटलं नव्हतं, गोवरीच्या धुराचा वास यायला लागला. जमुनाबाई गॅसची नळी तपासायच्या आणि खिडकी उघडायच्या.

आता फुफाट्यात भाजल्याशिवाय सुटका नव्हती. पार्बताबाईंनी पद्धत सांगितली: गोवऱ्या पेटवायच्या, निखारे बसू द्यायचे, गरम राखेत रताळी पुरायची, वरून राख सारखी करायची आणि सकाळपर्यंत कोणी उकरून पाहायचं नाही. ऐकायला सोपं. पण चौथ्या मजल्यावर गोवरी आणायची कुठून?

इथे शेजारचे शालिकराम बोडखे प्रकरणात शिरले. रताळी शक्यतो बारकी घ्या, जाड रताळं आत कच्चं राहतं, असा सल्ला त्यांनी दिला, आणि गोवऱ्या आजकाल घरपोच मिळतात हेही सांगितलं. मिळाल्या. चकचकीत खोक्यात, बिस्किटाएवढ्या, प्रत्येक वेगळ्या कागदात गुंडाळलेली, खोक्यावर हवनासाठी शुद्ध असं छापलेलं. देवमनरावांनी गॅलरीत घमेल्यात त्या पेटवल्या. त्यांच्यातून कापराचा वास आला, भरपूर धूर निघाला, आणि मूठभर राख उरली ज्यात एक बोरही भाजलं नसतं. धूर मात्र पाचव्या मजल्यावर वाळत घातलेल्या पापडांना लागला, आणि चंद्रभान इंगोले खाली आले.

गॅलरीत जाळ करता येणार नाही, गच्चीवर करता येईल, पण लेखी अर्ज द्यावा लागेल, असं ते म्हणाले. देवमनरावांची उभी हयात दुसऱ्यांचे अर्ज परत पाठवण्यात गेली होती. आता ते स्वतः अर्ज लिहायला बसले आणि कारणापाशी येऊन अडले. मयत वडिलांच्या जेवणाकरिता, असं लिहिणं शक्य नव्हतं. त्यांनी ‘खाजगी कारण’ लिहिलं. अर्ज परत आला, कारण स्पष्ट करावे. मग त्यांनी लिहिलं, ‘कौटुंबिक व धार्मिक स्वरूपाचा विधी’. चंद्रभानांनी ते वाचलं, चष्मा काढला, देवमनरावांकडे जरा वेगळ्याच नजरेने पाहिलं आणि मुकाट्याने मंजुरी दिली. देवमनरावांना वाटलं, आपल्या भाषेचा परिणाम.

गोवऱ्यांसाठी त्यांनी हिवरखेडला चुलतभावाला, गोवर्धनला, फोन केला. मायसाठी गोवऱ्या पाठव, घरच्या थापलेल्या पाहिजेत, असं ते म्हणाले. मग गोवर्धनने दबक्या आवाजात विचारलं, किती लागतील. थोड्याच, देवमनराव म्हणाले, आता फक्त राखेपुरत्या. त्यावर गोवर्धनने फोन ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी एसटीने पोतंभर गोवऱ्या आल्या. एवढ्या कशाला पाठवल्या, म्हणून देवमनराव त्याच्यावर उगाच चिडले.

संध्याकाळी गच्चीवर सगळं यथासांग झालं. जाळ केला, निखारे बसले, राखेत रताळी पुरली. पत्र्याच्या तुकड्याने देवमनरावांनी राख इतकी सारखी केली की त्यांचं त्यांनाच कौतुक वाटलं. वाऱ्याने राख उडू नये आणि कावळ्यांनी चोची मारू नयेत म्हणून त्यांनी वर वेताची टोपली पालथी घातली, टोपलीवर दगड ठेवला. गच्चीचा दिवा गेलेला होता, अंधारात कोणी अडखळेल म्हणून जमुनाबाईंनी टोपलीजवळ एक पणती लावली. तेवढ्यात राखेची धग पाहायला शालिकराम वर आले. दारातच थबकले. सारखी केलेली राख, पालथी टोपली, शेजारी पणती, दोन्ही बाजूंना खाली मान घालून उभे नवरा-बायको. रताळ्यांची नुसती सबब होती, असं मनाशी म्हणत त्यांनी हात जोडले आणि तसेच मागच्या पावली जिना उतरले. देवमनरावांनी नमस्काराला नमस्कार केला. आपली मांडणी त्यांना पटलेली दिसते, असं ते जमुनाबाईंना म्हणाले.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं, की आपल्याकडे घरातलं माणूस गेलं की दहाव्याच्या आदल्या संध्याकाळी बऱ्याच घरांत अशीच राख पसरतात, अशीच पालथी टोपली घालतात, अशीच पणती लावतात. सकाळी टोपली उचलून पाहतात. राखेत ज्याचं पाऊल उमटलेलं असेल, त्या जन्माला गेलेलं माणूस गेलं असं समजतात. देवमनरावांना हे लहानपणापासून माहीत होतं. पण डोक्यात नुसती रताळी असली की माणसाला समोरचं दिसत नाही.

त्या संध्याकाळी लिफ्ट चौथ्या मजल्यावर आली नाही. पार्बताबाईंनी वर, छताकडे पाहिलं. “आज थेट वर गेले,” त्या म्हणाल्या, आणि दिवाणावर आडव्या झाल्या. लिफ्ट आली नाही याचं देवमनरावांना बरं वाटायला हवं होतं. ते त्यांना वाटलं नाही. घर उगाच मोकळंमोकळं झाल्यासारखं वाटत होतं.

सकाळी पहिली बेल वाजली तेव्हा दारात दुसऱ्या मजल्यावरच्या बाई होत्या. त्यांनी वर न पाहता पिठलं-भाकरीचा डबा पुढे केला आणि डोळे पुसत निघून गेल्या. मग दुसरा डबा आला. मग तिसरा. रताळ्यांच्या डब्यांची परतफेड एवढ्या तत्परतेने होत असल्याचं पाहून देवमनराव भारावले. जमुनाबाईंना मात्र शंका आली. भाकरीबरोबर कोणी लोणचं दिलं नव्हतं, गोड तर नाहीच, आणि डब्यांवर हळदीकुंकवाचं बोटही नव्हतं. सुतकाच्या घरी डबा असाच जातो.

त्या हे बोलेपर्यंत चंद्रभान इंगोले आणि शालिकराम पांढरे कपडे घालून दारात उभे होते. मागे जिन्यावर निम्मी इमारत.

“गावंडे साहेब, दहा दिवस झाले अन् तुमी आमाले खबर नाई केली,” चंद्रभान म्हणाले. त्यांचा आवाज खरोखरच दुखावलेला होता. “आमी काय परके हाओत?”

आपण रताळी भाजतो आहोत हे इमारतीला सांगायला हवं होतं, अशी चंद्रभानांची तक्रार आहे, असा देवमनरावांचा समज झाला. त्यांना ती तक्रार अन्यायाची वाटली, पण सकाळच्या वेळी वाद नको म्हणून ते समजुतीने बोलले. “घरातल्या घरातली गोष्ट होती भाऊ. त्यात चार लोकायले काहून तरास द्यायचा? आता वर जाऊन राखेतून काढतो अन् सगळ्यायले थोडं थोडं वाटतो. गरम गरम खाऊन पाहा.”

जिन्यावरची माणसं एकेक पायरी मागे सरकली. शालिकरामांनी कठडा धरला. दुःखाने माणसाच्या डोक्यावर परिणाम होतो, असं कोणीतरी हलकेच म्हणालं, आणि मग सगळे एकदम बोलायला लागले. शालिकराम म्हणाले, त्यांना मागच्या आठवड्यात रडण्याचा आवाज आला होता. पाचव्या मजल्यावरचे म्हणाले, धूर पाहूनच त्यांना समजलं होतं. प्रत्येकाला काही ना काही आधीच समजलं होतं. खरी गोष्ट अशी होती की एक म्हातारी भिंतीपलीकडे जाते आणि दहा दिवस आपल्याला पत्ता लागत नाही, याची प्रत्येकाला मनातून लाज वाटत होती. म्हणून तर कोणी घरात डोकावून पाहत नव्हतं.

तेवढ्यात खाली जीप थांबली. हिवरखेडहून गोवर्धन आला होता, घरच्या बाया घेऊन. बायांनी जीपमधून उतरताच गळा काढला आणि तो रडण्याचा आवाज लिफ्टमधून वर वर चढत आला. लिफ्ट चौथ्या मजल्यावर थांबली, दार उघडलं. समोर उघड्या दारातून, दिवाणावर उठून बसलेल्या पार्बताबाई त्यांना दिसल्या. त्यांनी सवयीने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि थोडं सरकून बसल्या.

“कोन गेलं वो?” त्यांनी विचारलं.

रडणं मधेच तुटलं. कोणी लिफ्टबाहेर पाऊल टाकलं नाही. उलट जिन्यावरचे चौघे जण घाबरून लिफ्टमध्येच शिरले, आणि वजन जास्त झाल्याची शिट्टी वाजायला लागली. वाळलेल्या चेहऱ्याची, पांढऱ्या केसांची ती म्हातारी एकेकाकडे पाहत होती आणि एकेकजण भिंतीला चिकटत होता. देवमनरावांनाही क्षणभर कळेना की आई आहे की नाही. त्यांनी पुढे होऊन तिचा हात धरला. हात गार होता, पण नाडी चालू होती. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की आपण किती घाबरलो होतो, आणि किती दिवसांपासून.

पुढे सगळा उलगडा झाला. जमुनाबाईंनीच तो केला, चार वाक्यांत. लोक हसले नाहीत. चंद्रभानांनी खाली पाहत, मोबाईलवर टाकलेला श्रद्धांजलीचा संदेश काढून टाकला. गोवर्धन काकूच्या पाया पडला आणि बराच वेळ उठलाच नाही. पार्बताबाईंना त्या गोंधळाशी काही देणंघेणं नव्हतं.

“चाला वर,” त्या म्हणाल्या. “टोपली उचलायची हाये.”

सगळे वर गेले. आई लेकाच्या खांद्यावर हात ठेवून, बाकीचे मागे. ऊन वर आलं होतं. दगड टोपलीवर ठेवला तसाच होता. पणतीतलं तेल रात्रीच संपायला हवं होतं, ती अजून जळत होती. जमुनाबाईंनी आपण किती तेल घातलं होतं हे आठवून पाहिलं आणि नवऱ्याच्या जरा जवळ सरकल्या. दगड बाजूला घ्यायला कोणी पुढे होईना. शेवटी गोवर्धनने तो घेतला आणि टोपली उचलली.

राखेत पाऊल नव्हतं. पक्ष्याचं नाही, जनावराचं नाही, कोणाचंच नाही. देवमनरावांनी केली होती तशी राख सारखीच होती. फक्त त्या सारख्या राखेवर, अगदी मधोमध, एक अर्धं रताळं ठेवलेलं होतं. उरलेलं अर्धं कुठेच नव्हतं. त्याच्या साली सोलून, एकावर एक रचून, बाजूला नीट ठेवलेल्या होत्या. चंद्रभानांनी मांजर हा शब्द उच्चारायला तोंड उघडलं, गोवर्धनच्या हातातल्या दगडाकडे पाहिलं आणि तोंड मिटलं.

पार्बताबाई गुडघ्यांवर हात देत खाली बसल्या. राखेत बोटं घालून त्यांनी एक रताळं बाहेर काढलं, झटकलं, सोललं आणि खायला लागल्या. सावकाश, दात नसलेल्या तोंडाने, शेवटच्या घासापर्यंत. मग दुसरं काढलं. आजूबाजूला एवढी माणसं उभी होती पण कोणी हललं नाही. देवमनरावांना हुंदका आला. तो त्यांनी दाबला नाही. इतक्या दिवसांत आईच्या पोटात पहिल्यांदा अन्न जात होतं आणि त्यांना दुसरं काही नको होतं.

दुसरं रताळं संपवून पार्बताबाईंनी पदराने तोंड पुसलं आणि त्या अर्ध्या रताळ्याकडे बोट केलं.

“ते तुह्यं हाये. घे.”

देवमनराव वाकले. राख गार पडली होती, बोटांना ओलसर लागली. अर्धं रताळं उचललं तर ते गरम होतं. चुलीतून आत्ता काढल्यासारखं, हात बदलावा लागेल इतकं गरम.

“वावरातून यायले त्यायले अंधार होये,” आई म्हणाली. “तू झोपलेला राहे. एक रताळं राहे चुलीत, त्यातलं अर्धं तुह्यासाठी ठेवत. सकाळी तुले वाटे मायनं ठेवलं. मी बी कधी सांगतलं नाई.”

देवमनराव राखेच्या कडेला, सगळ्या इमारतीसमोर, ऑफिसच्या पँटवर जमिनीवर बसले. त्यांनी ते अर्धं रताळं खाल्लं. त्याला धुराची चव होती. खाताना ते कोणाकडे पाहू शकले नाहीत.

“आज एक जास्त पुरजो,” पार्बताबाई म्हणाल्या. “तुह्यासाठी अर्धं ठेवतात, मंग अर्ध्यानं त्यायचं काय पोट भरते?”

“दोन पुरतो,” देवमनराव म्हणाले.